चटणीला लावलेला बोल

हे मी कुणापुढे काढलेलं नाही. बायकोपुढेसुद्धा नाही. आता सांगायला बसलो आणि दोनदा उठून पाणी पिऊन आलो – तहान नव्हती.

आधी माझंच सांगतो. नव्वद सालाच्या पुढंमागं मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात कारकून होतो. दिवसभर खुर्चीत. एकदा शौचाला रक्त पडलं – लालभडक, शेवटी थेंबथेंब. घरात चकार शब्द न काढता कोल्हापुरात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कुशीवर झोपवून बोटानं तपासलं. ती लाज – कशाला आठवू? मूळव्याध निघाली. ते म्हणाले, तुमचं साधं आहे, पण ते तपासल्यावर कळलं. रक्त काळपट असेल, शौचात मिसळलेलं असेल, पोटाची सवय बदलली, वजन उतरलं, तर घरी बसायचं नाही. फार वाहिलं, चक्कर आली, तर तडक दवाखाना गाठायचा. मला हे सगळं पाठ होतं. एवढं ध्यानात ठेवा.

दोनेक वर्षांनी दादानं, माझ्या थोरल्या भावानं, मला गोठ्यामागं गाठलं. तालमीतलं अंग, पण मान खाली.

"बाळ्या, परसाकडंला रगत पडतंय रं. काळपट. तुला काय म्हाईत हाय का?"

माहीत होतं की. पण सांगायचं तर आधी माझं सांगावं लागणार – आणि दादा म्हणजे चारचौघांत थट्टा करणारा. बोटाची गोष्ट तालमीत पोचली असती. मी हसलो. म्हटलं, "उष्णता हाय. वैनीची चटणी लई जहाल. ती सोड."

एवढ्यासाठी? होय, एवढ्यासाठीच.

दादाला ते लगेच पटलं. आमच्याकडं पोटाचं काहीही झालं की खापर उन्हाळ्यात वर्षभरासाठी करून ठेवलेल्या कांदा-लसूण चटणीवरच फुटतं. त्यानं रस्सा सोडला, दहीभात खाऊ लागला. त्याची पॅन्ट ढिली होत चाललेली मला दिसत होती. मी विचारलं का? नाही. आठ महिने नाही. मग तो गोठ्यातच चक्कर येऊन पडला. आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर वहिनींना म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.

दादा गेला. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीभर मिरच्या वाळत पडल्या, वहिनींच्या अंगणात नाही. माझ्या बायकोनं कारण विचारलं.

"माझ्याच चटणीनं खाल्लं त्यास्नी," वहिनी म्हणाल्या.

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी चहा पीत होतो – तो संपवला आणि कप विसळून ठेवला.

त्याला आता कितीतरी उन्हाळे झाले. वहिनींनी पुन्हा चटणी केली नाही. परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. आमटी पिवळी, बिनतिखटाची. वाढताना त्या म्हणाल्या, "भावजी, चटणी सोडा म्हणून तुमी तवाच सांगितलं व्हतं. मीच ती आधी बंद कराया पायजे व्हती."

मी आमटी आणखी एकदा मागून घेतली.