छत रंगवणाऱ्या ताईची हाडं

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे 'छतवाल्या बाई' म्हणतात. भिंती काय, कोणीही रंगवतं. मान मागे टाकून, खाली थेंबही न सांडता छत रंगवावं ते ताईनंच. म्हणून फूटभर उंच स्टुलावरून घसरून तिचं मनगट मोडलं तेव्हा मला चक्क हसू आलं. चार महिन्यांनी रंगाची बादली उचलताना पाठीचा मणका दबला आणि माझं हसू पळालं. डॉक्टरबाईंनी शिडी बंद केली. ताईला त्याचंच दुःख जास्त.

सहा वर्षांपूर्वी ताईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवरची गाठ काढली होती. तेव्हापासून वाढीचं हार्मोन तयारच होत नव्हतं.

"आता पन्नाशीत उंची वाढवायची का हिची?" मी विचारलं.

"मोठ्यांच्या हाडांनाही ते लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शरीर जन्मभर जुनं हाड काढून नवं भरत असतं. यांच्यात दोन्ही कामं मंदावलीत."

त्या हार्मोनचं रोज एक इंजेक्शन सुरू झालं. वर्षभरानं हाडांची घनता मोजली, तर आधीपेक्षा थोडी कमीच! माझा पारा चढला. "भीक नको पण कुत्रं आवर! बंद कर ते टोचणं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी जुनं निघतं, नवं सावकाश भरतं, अजून वर्षभर थांबा. मला ती थाप वाटली. ताई मात्र हसली.

"पोपडे खरवडले की घरमालक असाच बोंबलतो. 'बाई, होती तीच भिंत बरी होती!' त्याचं ऐकून मी कधी काम सोडलंय?"

ते वर्ष तिनं भिंतींचे खालचे भाग रंगवत काढलं. वर छताला दुसऱ्या कुणाचा ब्रश लागला, की ही खोलीबाहेर जायची. मला ते बघवत नसे.

दुसऱ्या वर्षीचा रिपोर्ट आला. मणक्याची घनता वाढली होती, खुब्याचीही वाढली होती, आणि दोन्ही आकडे सुरुवातीच्याही वर! "चढा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण पट्टा बांधून."

पुढच्याच सोमवारी ताई वाचनालयाच्या छताखाली पोचली. खणखणीत, ताठ, एकेक पायरी चढत गेली. मी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून खाली उभा होतो आणि लहान पोरासारखा रडत होतो.

वरून आवाज आला, "अरे, रडायचं तर लांब जाऊन रड. शिडी हलतेय!"