मोरीची सोय

मुंबईला निघालेल्या बाईला जमनाकाकी पहिला प्रश्न विचारायची, "पाणी पिऊन निघालीस का?" कुठे जाणार, कशाला जाणार, ते सगळं नंतर. कारण आमच्या माहीममधल्या, म्हणजे पालघरजवळच्या माहीममधल्या बायका मुंबईला जायच्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं बंद करायच्या. पुरुषांना काय, कुठलीही भिंत चालते. बाईनं पालघरहून सकाळची गाडी धरायची, दिवसभर मुंबईत हिंडायचं आणि दिवेलागणीला परत यायचं, तर मधल्या वेळात तिनं जायचं कुठे? स्टेशनावरच्या त्या खोलीत नाकाला पदर लावूनही जाववत नसे. हा प्रश्न गावात कोणी तोंडातून काढत नव्हतं. काकीनं तो काढला आणि सोडवलाही.

तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. काकीचं घर आमच्या घराला लागून. नवरा, भास्करकाका, मुंबईत छापखान्यात कामाला. गणपतीला आणि होळीला यायचा. केळी, नारळ, पानवेली असलेली वाडी काकी एकटीच बघायची. अक्षरओळख नव्हती, पण मुंबईतली तीन घरं तिला तोंडपाठ होती: एक दादरला, एक ग्रँट रोडला, एक ठाकुरद्वारला. त्या घरच्या बायकांशी तिनं संधान बांधलेलं होतं. गावातली बाई दारात गेली की तिला मोरी दाखवायची, तांब्याभर पाणी द्यायचं, कारण विचारायचं नाही. बदल्यात बाईनं वाडीतलं काहीतरी न्यायचं. "रिकाम्या हातानं कुणाच्या मोरीत जायाचं नाय," हा काकीचा कायदा. दुसरा कायदा, रविवारी जायचं नाही. तिसरा, संध्याकाळची गाडी चुकवायची नाही. शिरगावच्या एका सुनेची ती चुकली, तर सासऱ्यानं वर्षभर घरातल्या सगळ्या बायकांचं पालघरसुद्धा बंद केलं. काकी म्हणायची, "एक चुकली का दहा जणींच्या वाटंला कुलूप."

निघण्यापूर्वी ती सगळा दिवस आमच्याकडून पाढ्यासारखा म्हणवून घ्यायची. अकराला कुठलं घर, तीनला कुठलं, जिना कुठल्या हाताला. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून! मी मॅट्रिक झालेली, मला त्याचा भयंकर राग यायचा.

माझ्या आईला अंगावरून जायचं दुखणं लागलं, तेव्हा तो राग मी गिळला. गिरगावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की महिनाभर दर आठवड्याला येऊन सुया घ्या, मग ऑपरेशनचं बघू. घरातून निघाल्यापासून दर दोन तासांनी आईला आडोसा लागायचा. ठाकुरद्वारचं घर नसतं, तर तिनं दुखणं अंगावर काढलं असतं आणि त्यातच गेली असती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. तिथल्या सुमतीबाई फार सभ्य. दुसऱ्या मजल्यावरचं एका खोलीचं बिऱ्हाड, पण मोरी आरशासारखी लख्ख. आई आत गेली की त्या मुद्दाम गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या.

तिसऱ्या खेपेला दार सुमतीबाईंनी उघडलं नाही. शाल पांघरलेल्या, तापानं डोळे लाल झालेल्या एका माणसानं उघडलं. त्याच्या पायाला तीनेक वर्षांचं पोर बिलगलं होतं आणि "बाबा, बाबा" करत होतं. तो भास्करकाका होता.

माझ्या हातातला केळीचा घड खालीच पडला. काका तोंड फिरवून आत जाऊन भिंतीकडे बघत बसला. सुमतीबाई चुलीपाशी पांढऱ्याफटक उभ्या. आईला मात्र थांबायला वेळ नव्हता. ती डोकं खाली घालून सरळ मोरीत गेली. ती बाहेर येईपर्यंत त्या खोलीत फक्त ते पोर बोलत होतं.

गाडीत आई म्हणाली, "जमनेला कळू देऊ नको. जीव देईल ती." विरार गेल्यावर पुन्हा म्हणाली, "नि मला अजून दोनदा जायाचं हाय." हे म्हणताना तिला इतकी लाज वाटली की ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला सगळ्यांचीच चीड आली होती. बिचाऱ्या काकीनं आपल्याच हातानं, आपल्याच वाडीतली केळी देऊन बायका सवतीच्या दारात पाठवाव्यात! आठ दिवस मी कसंबसं तोंड आवरलं. पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी काकी वाडीत पानवेली बांधत होती. मी गेले आणि सगळं ओकून टाकलं.

काकीचा हात थांबलासुद्धा नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "तापात होता का? तरीच. नायतर दिवसाचा घरात नसतो. म्हणून तं रविवार नको म्हणते मी."

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार वर्सं झाली. कुणीतरी सांगितलं, तशी गेले एकटी. तिच्या झिंज्या उपटायच्या म्हणून गेले. तवा मला कुटं ठाव होतं मुंबईत बाईनं कुटं जायाचं ते? सकाळपासून पोट धरून होते. जिना चढता चढता डोळ्यांत पाणी आलं, ते काय रडू नव्हतं. तिनं दार उघडलं, माज्या तोंडाकडं बघितलं, नि इचारलं नाय का कोण तुमी. मोरी दाखवली. भायेर आले तं तांब्या घेऊन उभी. आता सांग, भांडायचं कसं?"

"मग?"

"मग पाणी प्यायले. नाव सांगितलं. ती रडली. मी बोलले, आमच्या गावच्या बायका येतील, त्यांना नाय बोलू नको. ती पयली मोरी. बाकीच्या मागून केल्या."

मी म्हटलं, मी त्या घरात पाय ठेवणार नाही.

"नको ठेवू. आई कुटं बसंल तुजी, रस्त्यात?" काकी पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. "तुला येतो तेवडा राग मला येत नाय काय? पन तो माजा माज्याकडं. उद्या तिला पाणी पाजून ने."

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन जिना चढले. सुमतीबाईंनी दार उघडलं, त्यांनी आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही. घड मी जरा आपटूनच ठेवला. पुढे ऑपरेशन झालं, आई चांगली वीस वर्षं जगली. मी मात्र त्या बाईंशी शेवटपर्यंत धड दोन शब्द बोलले नाही, आणि त्याची आज मला लाज वाटते.

त्या वर्षी गणपतीला भास्करकाका आला. मी कुंपणापाशी उभी राहून मुद्दाम बघत होते. काकीनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं, आणि जेवण झाल्यावर त्याचं अंथरूण बाहेर ओटीवर आणून टाकलं. आतून कडी लावल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

मी आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आजचं नाय ते, तीन-चार वर्सं झाली. आमाला वाटायचं, त्याला आत उकडतं."