पत्रिकेतला गणपती

फोनच्या पडद्यावर, हवामान आणि कॅल्क्युलेटर यांच्या मधोमध, एक गणपती येऊन बसला होता.

दुपारी शेजारच्या सुमनताईंच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. आलेली पत्रिका न उघडता आपल्याकडे कोण ठेवतं? मी उघडली. पत्रिका दिसलीच नाही; हा गणपती मात्र माझे मेसेज वाचायची परवानगी मागू लागला. तीही दिली. गणपतीला नाही कसं म्हणायचं!

संध्याकाळी सुमनताई धावत आल्या. "अहो, माझ्या नावानं सगळ्यांना पत्रिका गेल्यात. कुणाचं लग्न नि कुणाचं काय! फोनमध्ये चोर शिरलाय. ते पत्रिकेचं ॲप आधी काढून टाका."

सेटिंगमध्ये जाऊन मी दिलेल्या परवानग्या परत घेतल्या. 'काढून टाका'वर बोट नेलं आणि थबकले. पत्रिका जुनी झाली तरी तिच्यावरचा गणपती आपण केरात टाकत नाही, कापून जपून ठेवतो. हे चोराला ठाऊक होतं. म्हणजे तो परका नव्हे. कुठल्याशा मांडवात माझ्याच शेजारी उभं राहून त्यानंही अक्षता टाकल्या असतील. हेच जास्त लागलं. चोरानं निदान अनोळखी तरी असावं.

मनातल्या मनात हात जोडले आणि बटण दाबलं. गणपती गेला.

तेवढ्यात गावाहून मावशीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगं, तुझी पत्रिका मिळाली! आत्ताच उघडली. कुणाचं गं लग्न?"