मावशीचं आयुष्य, वीस मिनिटांत

स्वतःचंच आयुष्य कुणी स्टेजवर सांगायला घेतलं, की त्या आयुष्यापेक्षा प्रयोगांचेच किस्से जास्त साठतात. माझ्या सुमनमावशीचं तसंच झालंय. सातवीनंतर तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आबांनी, तिची शाळा बंद केली. ती हट्टाने शिकून नर्स झाली. हाच तिचा एकपात्री प्रयोग. तो आबांनी एकदा पाहावा, एवढंच तिला हवंय. आबा म्हणतात, "बदनामी माझी, आन टाळ्या बी मीच वाजवू?"

०

पाली गावात सत्कारच एवढे लांबले, की आयोजक म्हणाले, "मॅडम, तुमचं आयुष्य वीस मिनिटांत बसवा."

मावशीने जरा विचार केला. "मग लग्न गाळते."

काका पहिल्याच रांगेत होते.

०

सत्कार झाला तरी आमच्याकडचे पाहुणे स्टेजवरची खुर्ची सोडत नाहीत. प्रयोग त्यांना पाठीशी घेऊनच करायचा. धारूरला मावशी अंधाऱ्या घरात एकटीच रडत होती आणि मागे सोफ्यावर तीन पुढारी. एकाचा फोन वाजला. "आरं, दुःखाच्या कार्यक्रमात हाय. मागून बोलतो."

शेवटी त्याच पुढाऱ्याने माइक घेतला. "ताई, एवढा अन्याय झाला, तर आमच्याकडं कावून न्हाई आल्या?"

"तुम्ही तेव्हा पाळण्यात होता, दादा."

०

एका शाळेत आभार मानताना सर भारावून गेले. "ताईंच्या आयुष्यात अशीच संकटं येत राहोत आणि आपल्याला नवनवे प्रयोग पाहायला मिळोत."

सगळ्यात जोरात टाळ्या त्यालाच पडल्या.

०

मग लिंबागणेश, आमचं गाव. मंडळाने प्रमुख पाहुणे म्हणून आबांनाच बोलावलं. फेट्याला नाही म्हणणं आबांना जमत नाही. फेटा बांधून झाल्यावर ते गुपचूप खाली उतरायला निघाले, तर सरपंचांनी हाताला धरून बसवलं. "बसा आबा, पाहुणे वरच बसतेत."

शाळेचा प्रसंग आला. माझ्या शेजारी आईने डोळे मिटून घेतले. मावशीने दप्तर छातीशी धरलं आणि आबांचा आवाज काढला, "पुरं झालं शिकणं. उद्यापून कापूस येचाया चल."

मागे खुर्ची सरकली. आबा उभे राहिले होते.

"मी असं न्हाई म्हणलतो."

मावशीच्या हातात दप्तर तसंच.

"ह्याच्यापेक्षा लई वाईट म्हणलतो," आबा म्हणाले आणि फेटा सावरत खाली बसले. "हं. सांग पुढं."