घाटातली चाळीस मिनिटं

दुपारी जेवणं उरकली की शेडग्यांचं घर थोडा वेळ गप्प होतं. आई आतल्या खोलीत पंख्याखाली पडली आहे. शलाका बाहेरच्या दिवाणावर आडवी झाली आहे, पण झोपायचं नाही असं तिने स्वतःला बजावलंय. पाच वाजता अप्पांच्या सायकल ग्रुपमधले पोळकाका येणार आहेत आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.

उद्या रविवार. उद्या अप्पांच्या नावाने स्मृती राइड आहे. पोवई नाक्यावरून सायकली सुटणार, यवतेश्वरचा घाट चढणार, आणि सुरुवातीला हिरवा झेंडा शलाकाने दाखवायचा. "तूच हवीस. अप्पांची लेक," पोळकाका फोनवर म्हणाले होते. ती "बघते" म्हणाली. अप्पा गेल्यापासूनचे सहा आठवडे ती सगळ्यांना एवढंच म्हणत आली आहे. बघते. हो. खरंय. सांत्वनाला येणारा प्रत्येक जण दारातच सांगायचा, "भाग्यवान माणूस, सायकलवर गेला," आणि ती मान हलवून चहा ठेवायला आत जायची.

डोळे मिटतात, आणि मिटल्या मिटल्या तो शनिवार येतो. रोज येतो.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. पुण्याहून ती दोन दिवसांसाठी आली होती, मांडीवर कॉलेजच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. अप्पा ओट्यावरच्या डब्यातून तिळाच्या वड्या काढून कागदात बांधत होते.

"पुन्हा?" आई म्हणाली.

"मागच्यांसाठी घेतोय."

"तुम्ही खाऊ घालता म्हणून ती माणसं मागे राहतात. एकदा उपाशी ठेवा, बघा कशी पुढे पळतात."

शलाका हसली. "अप्पा, सहा वर्षं झाली. एकदा तरी सगळ्यांत आधी वर पोचा की."

"आधी पोचून करायचं काय? एकटंच धापा टाकत बसायचं. गप्पा सगळ्या मागे असतात." त्यांनी एक वडी तिच्या उत्तरपत्रिकांवर ठेवली. बारा गुणांच्या प्रश्नावर तुपाचा डाग पडला. बस, एवढंच. पुस्तकांमधे अशा दिवसाला काहीतरी खूण असते, जाणारा माणूस उंबऱ्याशी घुटमळतो, मागे वळून बघतो. अप्पांनी बातम्या पाहिल्या, गॅस बंद आहे का ते पाहिलं आणि साडेनऊला झोपले.

नऊ जणांचा ग्रुप होता तो. बहुतेक निवृत्त, दर रविवारी पहाटे निघणारा. अप्पांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमधे गेलेला, त्यामुळे पंप, पाने, पंक्चरचं सामान त्यांच्याकडे, आणि म्हणून ते सगळ्यांत शेवटी. ग्रुपमधे शेवटच्याला शेपूट म्हणत. शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही हा नियम. वर पोचल्यावर माणसं मोजायची तीही शेपटानेच. आणि घाटात मधेच कोणी वळायचं नाही, खाली उतरणारी सायकल चढणाऱ्याच्या अंगावर येते. सगळं चोख होतं. फक्त शेपूटच वर आलं नाही तर मोजायचं कोणी, ते त्या रविवारपर्यंत कोणाला सुचलं नव्हतं.

दिवाण किंचित हलतो. मग पुन्हा हलतो, पुढे सरकतो. शलाकाला वाटतं आपण घसरतोय, पण घसरत नाहीये ती. चढतेय. पायांखाली पॅडल आहेत, मांड्या भरून आल्यात, आणि दिवाणाची निळी चादर घाटाच्या कठड्यावरून खाली दरीत लोंबतेय.

"गिअर हलका कर," मागून आवाज येतो. "उगाच ताकद लावतेस."

तिचे हात हँडलच्या मुठींवर आवळतात. "अप्पा?"

"मागे बघू नको. तोल जाईल."

"पुढे या ना मग. मला दिसाल असे या."

"मी कसा पुढे येऊ? मी शेपूट."

त्यांच्या सायकलचा आवाज तिच्या मागच्या चाकाला लागून आहे, जवळही येत नाही, लांबही जात नाही. डोंगराच्या कापलेल्या भिंतीवर घरातलं कॅलेंडर टांगलंय, जानेवारीचं पान तसंच. त्याच्याखाली मैलाचा दगड. दगडावर गावाचं नाव नाही, अंतर नाही. काळ्या रंगात लिहिलंय : सात मिनिटं.

"हे कशाचं?" अप्पा विचारतात.

तिला माहीत आहे. अप्पांच्या चौदाव्यानंतर ती एकटीच स्कूटर घेऊन वर गेली होती. ग्रुप चढून थांबतो त्या वरच्या मिसळीच्या टपरीपाशी वळली, इंजिन बंद केलं आणि नुसत्या उतारावर, घड्याळ बघत, तिसऱ्या वळणापर्यंत आली. अप्पा जिथे पडले तिथपर्यंत. पुरती सात मिनिटंही लागली नव्हती. हे तिने कोणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही.

"वरून खाली यायला लागतात तेवढी," ती म्हणते.

"हां. उताराला जोर आहे इथे," अप्पा म्हणतात. जणू कुणी वाट विचारली आणि त्यांनी सांगितली.

पुढचं वळण घेतल्यावर डांबर नाही, फरशी आहे. टायर चिरकतात. दोन्ही बाजूंना दवाखान्याच्या खोल्या, फिनेलचा वास, आणि एका खोलीतून एक तरुण डॉक्टर फाइल बंद करत बाहेर येतो. तिच्या सायकलला वाट देत, हळू आवाजात, त्या दिवशी म्हणाला होता तेच म्हणतो : "थोडं आधी आणायला हवं होतं." पाठोपाठ दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर, ज्याने अप्पांना उचलून आणलं तो, शर्ट दुधाने भिजलेला. नुसता हात जोडतो.

फरशी संपते. टपरी येते. टपरीवर दवाखान्याचे लोखंडी बाक मांडलेत आणि त्यांवर सातही जण हेल्मेट मांडीवर घेऊन मिसळ खातायत.

"काका, उठा," शलाका म्हणते. "अप्पा पडलेत खाली."

पोळकाका पाव मोडतात. "अगं, काळोखे असतील ना त्यांच्याबरोबर. पंक्चर काढत बसले असतील दोघं. ये, बस. तर्री जास्त चालते ना तुला?"

काळोखे म्हणजे ग्रुपमधला नवा माणूस. त्याचा गुडघा दुखला म्हणून तो पायथ्यावरूनच घरी परतला होता. जाताना सांगितलं ते फक्त अप्पांना.

"काळोखे घरी गेले! अप्पा एकटे आहेत!"

"आम्हाला कसं कळणार गं? सगळे आमच्या मागे."

"म्हणून तर उतरून बघायचं! सात मिनिटं लागतात. चाळीस मिनिटं बसलायत तुम्ही इथे."

सातही माणसं ताटल्यांमधे बघतात. वाईट माणसं नाहीत ती, आणि तेच तिला सहन होत नाही. बारशाला आलेली, आईच्या ऑपरेशनला रांगेत उभं राहून रक्त दिलेली माणसं. मग कोणीतरी, ताटलीतून मान वर न काढता, अगदी समजुतीच्या सुरात म्हणतं :

"उतरलं की परत चढावं लागतं गं."

ती किंचाळायला तोंड उघडते, आणि टपरी नाही. पुन्हा घाट. तिसरं वळण. पायांखाली तीच पॅडल, मागे तेच चाक.

"ओरडू नको. दम पुरत नाही चढाला," अप्पा म्हणतात.

"तुम्हाला राग कसा येत नाही?"

"कशाचा?"

"अप्पा!"

मग ते म्हणतात, "नियम माझाच होता ना. घाटात वळायचं नाही. पोळला मीच दहादा सांगितलं असेल. त्याने पाळला."

"त्याला नियमाच्या मागे लपवू नका. त्याने नियम पाळला नाही, अप्पा. त्याला कंटाळा आला. सगळ्यांना आला. तुम्ही मात्र एकेकाच्या गुडघ्यासाठी, एकेकाच्या पंक्चरसाठी तासतासभर उन्हात उभे राहिलात."

"आवडायचं मला."

"आणि तुमच्यासाठी?"

ते लाजल्यासारखे म्हणतात, "घंटी वाजवली मी."

"काय?"

"पडल्यावर. हात पोचत होता घंटीपर्यंत. दोनदा वाजवली."

"मग?"

"मग म्हटलं जाऊ दे. एवढा चढ चढून गेलेत, कशाला त्यांचा दम मोडायचा."

"बोलू नका असलं!" आता तो राग टपरीवरच्यांवर राहिलेला नाही, सरळ मागे, अप्पांवर वळतो. "आयुष्यभर हेच केलंत. जाऊ दे, जाऊ दे. नवीन लागलेल्या पोरांची ड्यूटी तुम्ही करायची, शेजाऱ्याची टाकी तुम्ही दुरुस्त करायची, जेवायला सगळ्यांत शेवटी तुम्ही बसायचं आणि वर भाजी नको होती म्हणायचं. चाळीस मिनिटं रस्त्यावर पडून होतात आणि लोक मला सांगतात भाग्यवान! आणि मी त्यांना चहा देते!"

"कशाला देतेस मग?"

प्रश्न इतका साधा येतो की तिचे पाय पॅडलवर थांबतात.

"माझ्यावर चिडलीस का त्यांच्यावर?"

"दोघांवर."

"मग मला सांगून काय होणार आता? मला कोणी कुठे घेऊन जाणार आहे का? पोळला सांग. त्याच्या तोंडावर सांग."

"ते ऐकून घेतील?"

"न का घेईना. तू वाजवत राहा," अप्पा म्हणतात. "मी दोनदाच वाजवली. चुकलंच माझं."

शलाका ब्रेक दाबते. सायकलवरून उतरून कठड्याला खेटून उभी राहते. ती उतरली म्हणजे शेपटानेही उतरायला हवं, पण मागच्या चाकाचा आवाज नुसताच थांबतो, उतरल्याचा येत नाही.

"काय झालं? पंक्चर?"

"नाही. तुम्ही पुढे व्हा."

"शलाके, असं नसतं."

"असू दे. आज मागे मी राहते. तुम्ही व्हा पुढे."

"तुला जमायचं नाही. शेवटच्याला सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं."

"एकाच माणसावर ठेवायचंय. जा."

ते जातात. तिच्या कोपराला वारा लागतो, आणि मग तिला त्यांची पाठ दिसते. करड्या शर्टाची, मधोमध घामाने काळी झालेली, जरा डावीकडे झुकलेली. जन्मात पहिल्यांदा ती अप्पांना चढावर पुढे जाताना बघतेय. ते वळून बघत नाहीत. मात्र वळण यायच्या जरा आधी त्यांचे खांदे सैल पडतात, मागे कोणीतरी आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचे पडावेत तसे. ती सायकलवर बसते, दोन्ही मुठी घट्ट धरते, आणि त्यांच्यावरून नजर हलू देत नाही, डोळ्यांत पाणी आलं तरी हलू देत नाही, रस्ता वळतो तरी...

"शलाका? आहेस का गं घरात?"

पंखा. छत. दिवाणाची निळी चादर अंगाखाली चुरगळलेली. दाराच्या जाळीबाहेर पोळकाका उभे आहेत, हातात कापडी पिशवी.

ती उठते, कडी काढायला हात पुढे करते आणि थांबते. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळांपासून मनगटापर्यंत, बारीक चौकोन उमटलेत. ओळीने, खोल, लाल. सायकलच्या मुठींच्या रबराचे. स्वतःचं कॉलेजशिक्षण संपल्यापासून ती सायकलला शिवलेली नाही. ती उजव्या अंगठ्याने डाव्या तळव्यावरून हलकेच चाचपते. खाचा हाताला लागतात.

"झोपली होतीस वाटतं. असू दे, असू दे." काका आत येऊन टेकतात आणि पिशवीतून पांढरा टी-शर्ट काढून उलगडतात. छातीवर अप्पांचा हसरा फोटो. खाली निळ्या अक्षरांत : आवडीच्या वाटेवर निघून गेलेले आमचे शेडगे अप्पा. "कसा झालाय? सगळ्यांसाठी केलेत. तुझ्या मापाचा वेगळा. उद्या सहाला झेंडा, मग दोन शब्द बोल तू. फार नाही. ते किती भाग्यवान, सायकलवर असताना—"

आई आतून उठून दाराशी येऊन उभी आहे. "चहा टाकू का, शलाका?"

"बघते" हा शब्द सवयीने जिभेवर येतो. शलाका तळव्यांकडे बघते. कडेचे चौकोन पुसट व्हायला लागलेत.

"चहा नको, आई," ती म्हणते. "काका, मी झेंडा दाखवणार नाही."

"अगं, का?"

"अप्पा सायकलवर गेले नाहीत. तिसऱ्या वळणावर, डांबरावर पडून गेले. ते तिथे होते आणि तुम्ही सातजण वर बसून मिसळ खात होता."

पोळकाकांच्या हातातला टी-शर्ट मांडीवर उतरतो. "शलाका, आम्हाला खरंच वाटलं की काळोखे—"

"वाटलं. बघितलं नाही कोणी." तिचा आवाज चढत नाही. कापतोय, पण ती तो कापू देते. "चाळीस मिनिटं, काका. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. टपरीपासून त्या वळणापर्यंत सात मिनिटं लागतात, मी जाऊन मोजलीयेत. तुम्हाला हे माहीत होतं. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. परत चढावं लागेल म्हणून तुमच्यातलं कोणी उतरलं नाही."