दिसलं बटण की केलं बंद

वीज वाचवण्याच्या नादात माझ्या हातून एकदा सासूबाई हरवल्या.

नाशिकला द्वारकेजवळच्या आमच्या बिल्डिंगचा मी सेक्रेटरी. बिल्डिंगमध्ये नसला तरी घरात माझा धाक! बायको पोळी तव्यावर टाकून तूप घ्यायला वळली, की स्वयंपाकघरातला पंखा बंद. उन्हाळ्यात सिन्नरहून सासूबाई कुरडया करायला आल्या, तर त्यांचा मोबाइलही मी चार्जरवरून काढला. "दहा टक्के पुष्कळ झाले, आई! तुम्हाला कोण फोन करतंय?"

त्या सकाळी दूध घेऊन परतलो. पार्किंगमध्ये चिटपाखरू नाही आणि लिफ्टचं मेन बटण चालू! खटकन बंद केलं आणि ताठ मानेने तीन जिने चढून घरी आलो.

कुठूनतरी धाड धाड आवाज येत होता.

"ऐकलंस?" मी बायकोला म्हणालो. "वरचे मिक्सर न लावता मसाला कुटतायत. शिक काहीतरी!"

"ते राहू द्या. आई चिकाचं पातेलं घेऊन गच्चीवर गेलीय. चीक गार व्हायच्या आत एवढा सोऱ्या नेऊन द्या."

गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता, सासूबाई नव्हत्या! कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, तिथेही नव्हत्या. फोन लावला, तर बंद. (दहा टक्के पुष्कळ नव्हते!) त्यांना बीपीचा त्रास, त्यात हे ऊन. मी खरंच घाबरलो. धावत रिक्षा स्टँड गाठला.

"पातेलं घेतलेल्या आजी पाहिल्या का हो?"

"पातेल्यात काय होतं?" एकाने विचारलं. सांगत बसलो असतो तर रडूच आलं असतं.

परतलो, तर बायको रडवेली होऊन पार्किंगमध्ये उभी. "अहो, ही लिफ्ट का बंद आहे?"

धाड धाड चालूच होतं. इतका वेळ मसाला कोणी कुटत नाही, हे मला तेव्हा सुचलं.

धावत जाऊन बटण चालू केलं. लिफ्ट खाली आली. आत सासूबाई घामाने निथळत, हातात पातेल्याचं झाकण, पायाशी पातेल्यात चिकाचा घट्ट गोळा! मी तिथेच पाया पडलो.

"चीक ग्येला. मी हाय अजून," एवढंच त्या म्हणाल्या.

आता त्या आल्या, की लिफ्टमध्ये शिरण्याआधी माझं मनगट धरतात आणि मला आत ओढतात. दिवसातून आठ वेळा मी त्यांच्याबरोबर निमूट वर-खाली करतो. शेजारणीने कारण विचारलं, तर म्हणाल्या, "जावईबापू आत असले म्हंजी बटन बंद करायला भाईर कोणी उरत नाय!"