दोघांनी पाहिलं, एकटी बोलले

हे मी रागात लिहितेय, आधीच सांगते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नागपूरला आमच्या कॉलनीत कुणाच्या अंगात आलं की बाबा म्हणायचे, "पंखा लावा, पाणी द्या." त्या घरात वाढलेय मी. इकडे अमेरिकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे समोर दिसलेलंही पुन्हा तपासल्याशिवाय खरं मानत नाही. तेव्हा "हॉरर सिरीज कमी बघा" हा सल्ला कृपया देऊ नका. भरपूर मिळालाय.

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला आम्ही कॅम्पिंगला गेलो. आम्ही राहतो त्या फ्रिस्कोहून दोनेक तासांवर एक स्टेट पार्क आहे, धरण बांधून झालेल्या तलावाच्या काठी. पाणी चढलं तेव्हा बुडालेली झाडं अजून तशीच उभी आहेत... काळी, बिनपानांची. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा पराग, आमची पाच वर्षांची सई आणि आमचे मित्र अभिजित-मधुरा. त्यांनी आरव्ही भाड्याने घेतली होती, म्हणजे चाकांवरचं घरच, आत एसी, बाथरूम, सगळं. परागला मात्र "खरं कॅम्पिंग" करायचं होतं. म्हणून आमचा तंबू, अगदी पाण्याजवळ. आरव्हीची जागा जरा वर, झाडांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी — भर दुपारी, लख्ख उन्हात — जेवणं झाली आणि सई पेंगायला लागली. मधुरा म्हणाली, "झोपू दे तिला आमच्याकडे एसीत. मी आहे ना. तुम्ही दोघं जा जरा फिरून या." सकाळी पाण्यात खेळताना भिजलेला सईचा पिवळा स्विमसूट मी तंबूच्या दोरीवर वाळत घातला, तिला फ्रॉक घालून आरव्हीत निजवलं आणि आम्ही दोन सीटची कयाक, म्हणजे वल्ह्यांची चिंचोळी होडी, घेऊन निघालो. मी पुढे, पराग मागे. पाण्यात पडायला नको म्हणून माझा चष्मा तंबूतच ठेवला होता. या चष्म्यावरून पुढे माझी इतकी टर उडवली गेलीय की बस!

परत येत होतो. काठ दिसायला लागला होता. मी एका बगळ्याकडे बघत होते. अचानक मागचं वल्हं थांबलं आणि पराग ओरडला, "सईऽऽ!"

तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. मी वळून काठाकडे पाहिलं. आमच्या तंबूसमोरून एक माणूस एका मुलीचा हात धरून पाण्यात उतरत होता. मुलीच्या अंगात पिवळा स्विमसूट. मला चेहरे दिसत नव्हते, मान्य. पण माझी पोर चवड्यांवर उड्या मारत चालते आणि ती चाल ओळखायला मला चष्मा लागत नाही. मुलगी घाबरलेली नव्हती... खुशीत निघाली होती. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं, मग खांद्यापर्यंत. मग ती दोघं एका वाळक्या झाडाच्या खोडामागे गेली. दुसऱ्या बाजूने कुणीच बाहेर आलं नाही.

आम्ही वेड्यासारखी वल्ही मारली. परागने तर काठाच्या अलीकडेच उडी टाकली आणि त्या झाडाभोवती बुड्या मारायला लागला. मी कशीबशी काठाला लागले आणि बोंबलत आरव्हीकडे पळाले. मधुराने दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं. "हळू! झोपलीय ती."

सई झोपली होती. फ्रॉक कोरडा, केस कोरडे. मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास पाहिला. मग खाली धावत येऊन परागला सांगितलं, तर तो गुडघाभर पाण्यात मटकन बसला. स्विमसूट दोरीवर तसाच होता, वाळून कडक झालेला.

तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधली गोरी आजी खुर्चीतून उठून आली. परागकडे बघत म्हणाली, "हनी, तू इतक्या लवकर तिकडे कसा पोचलास? आणि छोटी कुठाय?" मला वाटलं, आमच्या वल्हवण्याबद्दल बोलतेय. पराग म्हणाला, "झोपलीय." आजी त्याच्याकडे बघत राहिली, मग खुर्ची उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं.

अभिजित-मधुरा आल्यावर मी सगळं सांगितलं. आणि पराग टॉवेलने डोकं पुसत म्हणाला, "काही नाही रे. दुसऱ्या कुणाची तरी मुलगी होती. हिला चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यात हे ऊन."

"आधी तू ओरडलास!"

"तू ओरडलीस म्हणून मी ओरडलो."

खोटं. धडधडीत खोटं!

त्यानंतर वर्षभर मी हसण्याचा विषय झाले. गणपतीच्या पॉटलकला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, अभिजितने हातात डाव घेऊन माझी वल्हवण्याची नक्कल केली. "वहिनी, ही पुरणपोळीच आहे ना? चष्मा लावून सांगा." सगळे हसले. परागही हसला. मी खरंच जाऊन डोळे तपासून आले, यार!

मग या एप्रिलमध्ये अभिजितने पुन्हा त्याच पार्कचा प्लॅन काढला. पराग ताडकन म्हणाला, "नाही. सईला तिथे न्यायचं नाही." घरी येताना मी त्याला एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवायला लावली. सई मागे झोपली होती.

"चारचौघांत मला वेडी ठरवलंस. आता सांग, काय पाहिलंस?"

तो स्टीअरिंग घट्ट धरून बसला. "तुला त्या माणसाचा चेहरा दिसला नाही ना?"

"नाही."

"मला दिसला. त्याने वळून आपल्याकडे पाहिलं. तो मीच होतो गं. त्या आजीलाही मीच दिसलो... म्हणून तिने तसं विचारलं."

मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हणाले, "आणि वर्षभर मला एकटीला हे सोसू दिलंस?"

"सांगितलं असतं तर सईला माझ्याजवळ सोडली असतीस?"

मी मागे वळून सईकडे पाहिलं. त्या प्रश्नाचाही राग आला.

आता तुम्ही म्हणाल मृगजळ, पाण्यावरची चमक, तसाच दिसणारा कुणी माणूस. सगळा विचार करून पाहिलाय मी. तसाच माणूस, तशीच मुलगी, तसाच स्विमसूट, आणि बुडालं असं कुणीच नाही? त्या वीकेंडला तिथे कुणी हरवल्याचीही बातमी नव्हती. मला हे उलगडलेलं नाही आणि उलगडेल असं वाटतही नाही.

गेल्या रविवारी आमच्या अपार्टमेंटच्या पूलवर होतो. पराग कडेला उभा, पायात बूट तसेच. सईने पायरीवरून हात पुढे केला, "बाबा, कम ना! प्लीज!" त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या परवानगीची वाट बघत असल्यासारखं.

मी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले आणि तिचा हात धरला. त्याला 'ये' म्हणाले नाही.